जादा वॉरंटी घेऊ का?

प्रश्न: मुलीला इंजिनिअरिंगसाठी सव्वा लाखाचा लॅपटॉप घेतोय. दुकानदार 11 हजारांत आणखी 2 वर्षांची वॉरंटी घ्या म्हणून मागे लागलाय. घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी विचारा, कागद कंपनीचा की दुकानाचा? माझा दुकानाचा होता. कीबोर्डवर अर्धा कप चहा सांडला, तेव्हा कळलं की वॉरंटी फक्त आतल्या बिघाडाला. सांडणं, पडणं, स्क्रीन तडकणं यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. शेवटी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली गाठली. तिथल्या पोराने भिंगातून बोर्डावरचा हिरवट गंज दाखवला. (चहात साखर होती, हेही त्यानेच ओळखलं!)

पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा रॅम (कामचलाऊ मेमरी) मुख्य बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की जोडलेली असते. ती गेली की कंपनी अख्खा बोर्ड बदलते, आणि खर्च तिथेच येतो. मुलगी रोज बसने लॅपटॉप नेणार असेल, तर अपघाती संरक्षणासकट कंपनीचंच घ्या. घरी टेबलावरच राहणार असेल, तर 11 हजार बँकेत ठेवा. बॅटरीचं कलम मात्र नीट वाचा, ती अनेकदा वगळलेली असते.

आणि आजच घ्यायला हवं असं नाही. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत मुदत देतात. दुकानदार हे सांगणार नाही.