बायकोच्या भावाला जामीन राहिलो, त्याचे हप्ते थकले. मन शांत कसं करू?

प्रश्न: पाच वर्षांपूर्वी बायकोच्या भावाच्या टेंपोच्या कर्जाला जामीन राहिलो. 6 लाख, 12 टक्के, 7 वर्षं मुदत. आणखी दोघे जामीनदार आहेत. दीड वर्षापासून हप्ते बंद, मेहुणा गडहिंग्लजकडे राहायला गेलाय. कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीची साडेचार लाखांची नोटीस मला आली. बेळगावात उद्यमबागला कामाला आहे, पगार 31 हजार. सही केली नसती तर, हेच रात्रभर डोक्यात. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन आलो. आता विपश्यना शिबिराला जाऊ का?

उत्तर:

शिबिराला जा, पण नोटिशीवरची तारीख बघून जा. तिथे दहा दिवस फोन जमा असतो. पहाटे चारला उठायचं, मौन पाळायचं, घरी बोलायची सोय नाही. नेमकी त्याच दहा दिवसांत दाव्याची तारीख पडली आणि तुमच्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही, तर एकतर्फी निकाल होऊन बसेल. मग अकराव्या दिवशी कसली शांती?

मी बरीच वर्षं सोसायटीच्या कर्जविभागात काढली आहेत, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. जामीनदाराची झोप उडते ती रकमेनं कमी आणि रक्कम नीट ठाऊक नसल्यानं जास्त. नोटिशीत साडेचार लाख लिहिलं की माणूस साडेचार लाख उराशी घेऊन झोपतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हिशेब करून बघू. 6 लाखांना 12 टक्क्यांनी 84 महिने म्हणजे हप्ता साधारण 10,600. पाचपैकी साडेतीन वर्षं हप्ते गेले, म्हणजे 42 हप्ते. त्यानंतर मुद्दल उरतं 3 लाख 62 हजारांच्या आसपास. त्यावर दीड वर्षाचं सरळ व्याज 65 हजार. बेरीज 4 लाख 27 हजार. नोटिशीतले वरचे 23 हजार दंडव्याज आणि नोटीस खर्च. भांडायचं ते या 23 हजारांवर. संचालक मंडळं मुद्दल सहसा सोडत नाहीत, दंडव्याज मात्र सोडतात, पण लेखी मागितलं तरच.

सोसायटीत तोंडी विचारत बसू नका. अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मागायचं हे: कर्जरोख्याची प्रत, तुमच्या सहीचं जामीनपत्र, पहिल्या दिवसापासून आजपर्यंतचा खातेउतारा, तारणाची यादी. मेहुण्याचे शेअर्स आणि काही ठेव असेल तर ती कर्जात वळती करून घेतली का, हेही त्याच अर्जात विचारा. पुष्कळदा केलेली नसते.

उताऱ्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. मध्येच कुठे मोठी रक्कम जमा आणि लगेच तेवढीच नावे, म्हणजे उचल म्हणून, पडलेली दिसते का? ते नवं-जुनं. जुनं कर्ज कागदावर फेडलं आणि नवीन उचललं. नव्या कर्जाला तुमची सही नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे. करार कायद्याचं (1872) कलम 133 हेच सांगतं: जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारापुरता तो मोकळा होतो. मेख अशी की छापील जामीनपत्रात 'अटी बदलल्यास माझी आगाऊ संमती आहे' अशी ओळ बारीक अक्षरात पुष्कळदा असते. म्हणून प्रत आधी हातात घ्या, खूश मागाहून व्हा.

टेंपो कुठे आहे? आरसीवर सोसायटीचा बोजा अजून आहे का? बोजा उतरवायला सोसायटीच्या सहीचा फॉर्म 35 लागतो. कर्ज फिटायच्या आत तो दिला गेला असेल आणि गाडी विकली गेली असेल, तर सोसायटीनं तारण हातचं घालवलं. कलम 141 प्रमाणे त्या तारणाच्या किमतीएवढी तुमची जबाबदारी कमी होते. आणि गाडी जागेवर असेल तर पैसे भरल्यावर त्या तारणावर तुमचा हक्क येतो. ही गोष्ट जामीनदारांना कुणी सांगत नाही. आम्हीही सांगत नव्हतो.

बाकीचे दोघे. सोसायटी तिघांपैकी ज्याचा पगार पक्का त्यालाच धरते, आधी कर्जदाराकडे जा म्हणायची सोय तुम्हाला नाही. कलम 128. पण तिघांनी आपसांत बोजा सारखा वाटून घ्यायचा असतो, कलम 146. साडेचारचा तिसरा हिस्सा दीड लाख. तुम्ही त्याहून जास्त भरलंत तर वरची रक्कम त्या दोघांकडून मागता येते. त्यातला कुणी वारला असेल तर वारसांकडून, त्यांना वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती. आज रात्री उराशी घ्यायचाच असेल तर दीड लाखाचा आकडा घ्या.

पगार जप्त होईल ही भीती. दिवाणी हुकूमनाम्यावर पगार जप्त होतो तेव्हा पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. 31 हजारांतले 21 हजार सुरक्षित, जास्तीत जास्त 10 हजार जातील, तेही एका हुकूमनाम्यासाठी एकूण 24 महिने. पीएफला हात लागत नाही. सही करताना पगारातून कपातीचं संमतिपत्र दिलं असेल तर मात्र हिशेब वेगळा. तेही अर्जात मागा.

नोटीस कानडीत आहे म्हणून परत पाठवली, असं करणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. सीमाप्रश्नाचा राग पोस्टमनवर काढून काही होत नाही. नाकारलेली नोटीस पोचलेली धरतात. घ्या, कानडी वाचणाऱ्या पोराकडून वाचून घ्या, वर मिळाल्याची तारीख लिहा. 'कागद कानडीत होता, मला कळला नाही' हा बचावही सहसा टिकत नाही.

आता भरणा. इथेच सगळे चुकतात, म्हणून सविस्तर सांगतो. जामीनदार घरी भांडण नको म्हणून गुपचूप जातो, काऊंटरवर कर्जदाराच्या खात्याची स्लिप भरतो, वीस हजार रोख देतो आणि मोकळा होतो. पावती निघते कर्जदाराच्या नावाची. तीन वर्षांनी कोर्टात मेहुणा म्हणतो, ते पैसे मीच पाठवले होते. तुमच्याकडे काय असतं? घडी पडून फाटलेली, शाई उडालेली एक स्लिप, जिच्यावर तुमचं नाव कुठेच नाही. म्हणून रोख भरायचं नाही. स्वतःच्या बँक खात्यातून चेक द्यायचा किंवा ऑनलाइन पाठवायचं. स्लिपवर 'भरणारा' या जागी आपलं पूर्ण नाव आणि त्यापुढे 'जामीनदार म्हणून' हे दोन शब्द. कॅशियर म्हणेल, त्याची गरज नाही. लिहायचंच. सोबत दोन ओळींचं पत्र: अमुक कर्जखात्यात अमुक रक्कम जामीनदार या नात्याने भरत आहे. प्रतीवर शिक्का. त्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा, झेरॉक्स वेगळी. थर्मल कागदाची पावती असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, वर्षभरात ती कोरी होते. शेवटचा हप्ता गेला की बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घ्या. एकरकमी तडजोड केलीत तर क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहू शकतो आणि पुढे घरासाठी कर्ज काढताना तो आडवा येतो. जामीनदाराच्या अहवालातही हे कर्ज दिसू शकतं.

अशी पावती असली की मेहुण्याकडून वसूल करायचा हक्क शाबूत राहतो, कलम 145. मुदत भरणा केल्या तारखेपासून 3 वर्षं. तो गडहिंग्लजला, महाराष्ट्रात गेला म्हणून दावा तिकडेच लावावा लागतो असं नाही. व्यवहार आणि भरणा इथे झाला, तर इथल्या कोर्टात दावा चालतो आणि हुकूमनामा बजावणीसाठी तिकडच्या कोर्टाकडे पाठवता येतो. त्याहून सोपं म्हणजे त्याच्याकडून ऋणकबुली लिहून घेणं: इतके पैसे तू माझ्यासाठी भरलेस, मी देणं लागतो, तारीख, सही. मुदत संपायच्या आत घेतली तर तिथून पुन्हा 3 वर्षं मिळतात. मुदत संपल्यावर घेतलेल्या कबुलीचा या कामी उपयोग नाही.

तुमचा खरा प्रश्न मनाचा होता, माहीत आहे. एक कोरा कागद घ्या आणि सही केली त्या दिवशी तुम्हाला काय काय ठाऊक होतं तेवढंच लिहा. त्याच्याकडे भाड्याचं काम होतं का, आधीचं कर्ज फेडलं होतं का, घरी कोण काय म्हणालं. नंतर कळलेली एकही गोष्ट त्यात लिहायची नाही. हे अवघड जातं. लोक तिसऱ्या ओळीतच 'पण तो पहिल्यापासूनच तसला' असं लिहितात. ते खोडा. पहिल्यापासून तसला होता तर 42 हप्ते कुणी भरले? साडेतीन वर्षं तुमची सही बरोबर होती आणि 43व्या महिन्यात ती चूक ठरली, असं कसं चालेल? निर्णय त्या दिवसाच्या माहितीवर तोलायचा. टेंपोचं इंजिन, भाड्याचे दर, मेहुण्याची नियत, यातलं काही तुमच्या पेनात नव्हतं.

रविवारी सकाळी अर्धा तास या कर्जासाठी ठेवा. पेटी उघडा, आकडे लिहा, फोन करायचा तो करा, पेटी बंद. आठवड्यात विचार आला तर 'रविवारी' म्हणा. पहिले दोन-तीन आठवडे जमत नाही, मन ऐकत नाही. चौथ्या आठवड्यापासून थोडं ऐकतं.

आणि 'कुणाला जामीन राहायचंच नाही' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आमचे थोरले बंधू गेली वीस वर्षं जेवायला बसले की हेच ऐकवतात. त्यांच्या स्वतःच्या घराच्या कर्जरोख्यावर तीन परक्यांच्या सह्या आहेत, मी बघितल्या आहेत. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलाही तालुका घ्या, जामीनदार नसता तर अर्ध्या बोअरवेली आणि सगळे टेंपो उभेच राहिले नसते. सही करणं हा गाढवपणा नव्हे. प्रत न घेता सही करणं, हा आहे. हे त्यांना पटत नाही, तुम्हाला पटावं.

प्रकरण मिटलं की मग जगू, असंही ठरवू नका. महाराष्ट्राचा सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, म्हणून आपण भात लावायचं थांबवलं का? पोरांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत गेली, तारीख पडली की पेपर वाचतो आणि पुन्हा कामाला लागतो. तुमचं साडेचार लाखांचं प्रकरण त्यामानानं लवकर मिटेल.

राहिलेल्या दोन गोष्टी. मी वकील नाही. सोसायटी राज्याच्या नेहमीच्या सहकार कायद्याखालची, कर्नाटकच्या वेगळ्या सौहार्द कायद्याखालची की मल्टिस्टेट (केंद्राच्या कायद्याखालची), यावर दावा कुठे चालतो ते बदलतं, म्हणून कागद वकिलाला एकदा दाखवा. आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा, डॉक्टर गाठा किंवा 14416 वर फोन करा. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही. घरात फवारणीचं औषध असेल तर तोवर शेजाऱ्यांकडे ठेवायला द्या. लाजायचं नाही.

बायकोशी या विषयावर बोलायचं तेव्हा कागद समोर ठेवून बोला, 'तुझा भाऊ' या शब्दांनी सुरुवात करू नका. भाऊबीजेला तो आला तर येऊ द्या, ओवाळून घेऊ द्या, जेवू द्या. त्या दिवशी पैशाचा शब्द काढायचा नाही. ऋणकबुलीचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पुढे करा, परतीची गाडी धरायच्या आत.