आयझॅक बट: एकीकरणाचा समर्थक होमरूलचा प्रणेता कसा झाला?

१८४३ साली डब्लिन महापालिकेत आयर्लंडच्या ब्रिटनशी झालेल्या एकीकरणाची, ते रद्द करू मागणारे आयरिश नेते डॅनियल ओ'कॉनेल यांच्याविरुद्ध, बाजू लढवणाऱ्या आयझॅक बट यांनीच १८७० मध्ये होमरूलची (अंतर्गत स्वराज्याची) मागणी उभी केली, हा संधिसाधूपणा म्हणावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही. एकीकरणाकडून त्यांच्या ज्या अपेक्षा होत्या, त्या त्यांनी कधी सोडल्या नाहीत. त्या पुऱ्या होत नाहीत हे दिसल्यावर मार्ग मात्र बदलला.

डोनेगल परगण्यातील एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरी १८१३ मध्ये जन्मलेले बट डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकले, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास तेथेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८३८ पासून वकिली करू लागले. त्या काळी ते पक्के टोरी, म्हणजे ब्रिटनमधील हुजूर पक्षाचे, होते. आयर्लंडच्या शेती-उद्योगाचे रक्षण साम्राज्याची संसदच करील, अशी त्यांची धारणा होती.

तिला तडा गेला तो बटाट्याच्या पिकावरील रोगाने १८४५ पासून ओढवलेल्या दुष्काळात. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडत असताना मदतीचा बोजा आयर्लंडमधील स्थानिक करांवर ढकलला जात होता. १८४७ मधील आपल्या लेखात बट यांनी विचारले की, कॉर्क परगण्यावर आलेली आपत्ती इंग्लंडमधील कॉर्नवॉलवर आली असती, तर सरकारने हाच युक्तिवाद केला असता काय? हा प्रश्न एकीकरणाच्या समर्थकाचा आहे, आणि म्हणूनच मला तो ओ'कॉनेल यांच्या भाषणांपेक्षा अधिक बोचरा वाटतो. राज्य एक असेल तर खजिनाही एकच असला पाहिजे, आणि तो तसा नसेल तर एकीकरणाला अर्थ काय, इतका सरळ तो तर्क आहे.

बाकीचे काम न्यायालयाने केले. १८४८ च्या आयरिश उठावानंतर त्याचे नेते विल्यम स्मिथ ओ'ब्रायन यांचे आणि १८६५ नंतर आयर्लंड स्वतंत्र करू पाहणाऱ्या फेनियन क्रांतिकारकांचे वकीलपत्र बट यांनी घेतले. सशस्त्र बंड त्यांना मान्य नव्हते. पण सुशिक्षित तरुण फाशी किंवा सक्तमजुरी पत्करायला का तयार होतात, हे त्यांना आरोपींच्या पिंजऱ्यासमोर उभे राहून समजले. या खटल्यांपायी त्यांच्या इतर वकिलीकडे दुर्लक्ष झाले, पैशाच्या बाबतीत ते मुळातच बेफिकीर होते, आणि कर्जापायी त्यांना तुरुंगातही जावे लागले. संधिसाधू माणूस सहसा हा मार्ग निवडत नाही.

मे १८७० मध्ये डब्लिनच्या बिल्टन हॉटेलात झालेल्या बैठकीतून होमरूलची मागणी करणारी त्यांची संघटना जन्मली. अंतर्गत कारभारासाठी आयर्लंडची स्वतंत्र संसद असावी आणि साम्राज्याच्या प्रश्नांसाठी आयरिश सभासद वेस्टमिन्स्टरमध्येही (लंडनमधील ब्रिटिश संसदेतही) बसावेत, अशी त्यांची संघराज्याची योजना होती. (टिळक आणि बेझंट यांनी १९१६ मध्ये वेगवेगळ्या स्थापलेल्या होमरूल लीगांचे नाव याच आयरिश चळवळीवरून आले.) १८७४ च्या निवडणुकीत या मताचे सुमारे साठ सभासद निवडून आले, पण त्याच वर्षी बट यांचा ठराव ४५८ विरुद्ध ६१ मतांनी फेटाळला गेला.

उत्तम युक्तिवादाने संसदेचे मन वळवता येते, असे मानणाऱ्या वकिलाची मर्यादा येथे उघड होते. त्यांच्याच पक्षाचे सभासद जोसेफ बिगर आणि चार्ल्स पार्नेल तासन्‌तास भाषणे करून संसदेचे कामकाज अडवू लागले, तेव्हा बट यांनी त्यांना जाहीरपणे फटकारले आणि त्यातच अनुयायी गमावले. १८७७ मध्ये ब्रिटनमधील होमरूल महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडून पार्नेल यांच्याकडे गेले, आणि मे १८७९ मध्ये बट वारले.

मात्र त्यांच्या योजनेचा शेवट तेथे झाला नाही. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या १८८६ च्या होमरूल विधेयकाने आयरिश सभासदांना वेस्टमिन्स्टरमधून वगळले होते. १८९३ च्या दुसऱ्या विधेयकात ऐंशी सभासद तेथे ठेवण्याची तरतूद आली, म्हणजे निदान या मुद्द्यावर ग्लॅडस्टन बट यांच्या आराखड्याजवळ आले. कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, ते विधेयक संमत झाले, आणि लॉर्ड्सनी, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले.