अकरा व्ह्यूज आणि बोरूचा व्हिडिओ

"मॅडम, एवढी मेहनत घेतो पण कोणी बघतच नाही, बंद करून टाकू का?" मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. कधी रेसिपीवाली ताई असते, कधी गडकिल्ल्यांचे रील करणारा पोरगा, कधी रिटायर झाल्यावर कविता वाचणारे काका. त्यातल्याच एकाची गोष्ट सांगते. परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय चौतीस, पतसंस्थेत क्लार्क, नाद मोडी लिपीचा. आला स्वतःहून नाही, बायकोनं आणलं. "रात्री दोनला उठून फोन बघतात हे, पोरगी तापानं फणफणलेली तरी ह्यांचं आपलं व्हिडिओ किती जणांनी बघितला तेच," ती सांगत होती आणि हा गप्प. फोन मी बाजूला ठेवायला लावला होता, पण त्याचा अंगठा टेबलाच्या काचेवर वरून खाली, वरून खाली, आपण रिफ्रेश करतो ना अगदी तसा फिरत होता आणि साहेबांना पत्ताच नाही.

दोन वर्षं तो मोडीचे छोटे छोटे व्हिडिओ टाकत होता, साठ-सत्तर लोक बघायचे, त्यात तो खूश होता. मग 2023 च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, सरकारनं नेमलेली शिंदे समिती जुनी दफ्तरं तपासत होती, त्यातले बरेच कागद मोडीत आणि मोडी वाचणारी माणसं मिळेनात. ह्यानं मिनिटभराचा व्हिडिओ केला, जुन्या कागदात 'कुणबी' हा शब्द कसा दिसतो ते दाखवणारा. एक पेज आहे, दर रविवारी छोट्या लोकांची कामं शेअर करतं, हल्ली अशांना क्युरेटर म्हणतात, तर त्या पेजवाल्यानं तो उचलला आणि तीन दिवसांत ऐंशी हजार व्ह्यूज. मामे-मावस सगळ्यांचे फोन. पुढच्या व्हिडिओला दोनशे बारा. त्याच्या पुढच्याला नव्वद. आणि एके दिवशी सकाळी उठून बघतो तर अकरा. त्या रात्री त्यानं चाळीस जुने व्हिडिओ डिलीट करून टाकले.

"ऐंशी हजार माणसं गेली कुठं मॅडम?"

मी म्हटलं ती तुमच्याकडे आलीच नव्हती, ती आपापल्या पणजोबांच्या कागदाकडे आली होती, कागद कळला, गेली. हे ऐकून त्याचा चेहरा एवढासा झाला. मलाही वाटलं की जरा लवकरच बोलले.

इथं थोडं शास्त्र सांगते. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की ठरलेल्या हिशोबानं दाणा मिळत असेल आणि तो बंद झाला तर कबुतर तसं लवकर नाद सोडतं, पण दाणा कधी मिळेल याचा काही नेमच नसेल तर ते टोचतच राहतं, थांबतच नाही. ऐंशी हजार हा तसलाच दाणा होता. त्याआधी साठ व्ह्यूजमध्ये सुखी असलेला माणूस आता दोनशे बाराला रडत होता. इन्स्टाग्रामनं 2021 मध्ये लाईकचे आकडे लपवायची सोय दिली ती काय उगीच नाही, पण आपल्याच पोस्टचे आकडे आपल्याला बघता येतातच, त्यामुळे ह्याला तिचा उपयोग शून्य. "पैशासाठी नाही करत मी" हे चारदा म्हणाला, पण यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्राइबर आणि वर्षभरात लोकांनी व्हिडिओ बघितल्याचे 4000 तास लागतात, आपले 640 झालेत, हे तोंडपाठ.

दुसऱ्या भेटीत अजून एक निघालं. कुठल्याशा दुसऱ्या पेजला दीड हजार रुपये देऊन शाउटआउट, म्हणजे त्यांच्या पेजवर आपलं नाव, घेतलेला, बायकोला न सांगता. माझं मत स्पष्ट आहे, दुकान असेल तर जाहिरात करा, खुशाल करा, पण पाठीवर थाप हवी असेल तर ती विकत घेऊन भूक वाढतेच फक्त. आणि ते लाईकला लाईकवाले ग्रुप, जिथं न बघताच अंगठे दाबतात, त्यातून तर आजच बाहेर पडा.

रविवारवाल्याला ह्यानं तीनदा मेसेज केलेला, माझं परत का नाही घेत म्हणून. तिसऱ्यांदा उत्तर आलं ते त्यानं मला वाचून दाखवलं. कुणबीवाला लोकांच्या गरजेचा होता म्हणून घेतला, पण मला खरा आवडलेला तो बोरूची लेखणी तासायचा, चाकूचा करकर आवाज येतो तो, या रविवारी तोच लावणार होतो पण सापडेना, काढून टाकलात का?

चाळीसात तोही गेला होता.

त्यावर तो पहिल्यांदा हसला. मी त्याला एक वही करायला सांगितली, त्यात व्ह्यूज लिहायचे नाहीत, परत परत येणाऱ्या माणसांची नावं लिहायची आणि ती काय म्हणाली ते. एकोणीस नावं निघाली. एक निवृत्त तलाठी, इतिहासात एमए करणारी मुलगी, तंजावरचे एक मराठी आजोबा जे जुन्या वळणाचं मराठी बोलतात आणि प्रत्येक व्हिडिओत चूक काढतात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, हे मला ह्याच्याकडूनच कळलं.

दुसरं काम, रोज एका छोट्या क्रिएटरला कमेंट, आणि त्यात जे दिसलं ते लिहायचं. पहिल्या आठवड्यात सगळीकडे 'खूप छान' लिहून आला, परत पाठवला. मग एका कुंभारकाम करणाऱ्या ताईंना लिहिलं, "दोऱ्यानं मडकं चाकावरून सोडवताना तुम्ही श्वास रोखता, ते ऐकू येतं." त्या बाईंनी उत्तर दिलं की सात महिन्यांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी तो स्वतःचे आकडे बघायला विसरला, असं बायको सांगते. मी निम्मं धरते.

आता वहीतले सहाजण दर गुरुवारी जुन्या पत्रातली एकच ओळ आपापल्या हातानं लिहून टाकतात. बोरूचा व्हिडिओ परत केला, एकशे चाळीस व्ह्यूज. फोन रात्री स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर झोपतो, शनिवार सोडून. शनिवारी रात्री अजून हात शिवशिवतो म्हणे, रविवारच्या पेजमुळे.

शेवटच्या भेटीत मी म्हटलं माझं नाव लिहून दाखवा. त्यानं आधी कागदभर आडवी रेघ ओढली, मोडीत तशीच पद्धत, मग खाली अक्षरं. मी विचारलं यात पहिली वेलांटी की दुसरी? "मोडीत तसलं काही नाही मॅडम, एकच." तेवढ्यात फोन वाजला आणि त्यानं बघितलाच. तंजावरचे आजोबा. गुरुवारच्या ओळीत तुमचा 'झ' चुकलाय.

"चुकलाय खरा," म्हणाला, आणि माझ्याच कागदावर 'झ' गिरवत बसला.