इतर हक्कातलं नाव

प्रश्न : वडील २०१४ साली मृत्युपत्र न करता वारले. जमीन २ हेक्टर ४० आर. सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी, म्हणजे मालकीच्या रकान्यात, फक्त दोघा भावांची नावं आहेत. आईचं आणि माझं नाव 'इतर हक्कात'. थोरला म्हणतो, "मालकीच्या रकान्यात नाव नाही, तर वाटा कसला?" आता तो जमीन विकायला निघालाय. मी काय करू?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : ताई, भावाचं म्हणणं खरं नाही. तुमचा हक्क तलाठ्याने दिलेला नाही, म्हणून त्याच्या नोंदीने तो जातही नाही. जमीन वडिलांच्या कष्टाची असो की वडिलोपार्जित. आजी हयात नसेल आणि आधी वाटप झालेलं नसेल, तर तुमच्या घरात हिशेब एकच येतो. आई, दोन भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी पाव. म्हणजे ६० आर. लग्न झालं म्हणून त्यातला एक आरसुद्धा कमी होत नाही.

सातबारा हा मुळात शेतसाऱ्याचा कागद. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५७ नोंद खरी धरायला सांगतं, पण उलट सिद्ध होईपर्यंतच.

मी बावीस वर्षं तलाठी होतो. ज्या ज्या सज्जात (तलाठ्याकडच्या गावांत) गेलो, तिथे विधवा आणि लेकी अशा इतर हक्कात बसवलेल्या पाहिल्या. भाऊ वारसाची वर्दी, म्हणजे वारस कोण याची खबर, तलाठ्याला देतो, तेराव्याच्या गडबडीत बहीण दाखवतील तिथे सही करते. त्या नोंदी वाचताना तेव्हाही जीव तुटायचा.

सातबाऱ्यावर तुमच्या नावाजवळ एक आकडा असेल, तो फेरफार क्रमांक, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक. त्याचा उतारा, म्हणजे गाव नमुना ६, काढा. सोबत वर्दीचा अर्ज, जबाब आणि नोटिशीची पोच यांच्या नकला मागा. तुम्ही हक्क सोडल्याचा उल्लेख त्यात आहे का, हे आधी बघा. असेल, तर ते हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कचेरीत, नोंदवलेलं आहे का? नुसत्या स्टँपवरच्या सहीने जमिनीतला हक्क सुटत नाही.

मग प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करा. मुदत ६० दिवसांची, त्यामुळे विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. नोटीस मिळालीच नसेल तर ते स्पष्ट लिहा. पण प्रांत फार तर नोंद दुरुस्त करतील. भाऊ हिस्साच नाकारतोय, तेव्हा वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयातच लावावा लागेल. त्यातच विक्रीविरुद्ध मनाई हुकूम मागा. भावाला फार तर स्वतःचा हिस्सा विकता येईल, तुमचा नाही. दाव्याची लिस पेंडन्स नोटीसही (या जमिनीवर दावा चालू आहे अशी सूचना) दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे दावा चालू असताना घेणारा 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून सुटणार नाही. हे राहून गेल्याने हेलपाटे घालणाऱ्या बाया मी पाहिल्यात, म्हणून वकिलांना पहिल्याच दिवशी आठवण करा.

आणि आईला दाव्यात सोबत घ्या. तिचेही ६० आर त्याच रकान्यात अडकलेत.