अक्काला विचारा : स्टेजवर शिवी द्यायची तर कुणाच्या भाषेत?

प्रश्न : अक्का, आम्ही निपाणीची कॉलेजची पोरं. शिव्यांवरच एक प्रायोगिक नाटक बसवालोय. गोष्ट अशी काय नाही, स्टँडवर, गॅरेजात, तंबाखूच्या वखारीत, नळावर ऐकलेल्या शिव्या गोळा करून त्याचे तुकडे केलेत. पण तालमीत गंमत व्हालीय, कन्नड शिवी आली की सगळे खदखदून हसतात आणि मराठीत आईवरून आली की पोरं खाली बघतात, एक पोरगी तर बाहेरच जाऊन उभारली. म्हणून मराठी कमी करून कन्नड वाढवूया असं ठरालंय, दंगा पण व्हायचा नाही. बरोबर हाय काय?

उत्तर : दंगा व्हायचा नाही हे कुणी सांगितलं बाबा तुम्हाला? आपल्या भागात थिएटरात बसलेल्या बऱ्याच लोकांना दोन्ही भाषा कळतात आणि ज्याच्या आईवरून तुम्ही हसालाय तो तिसऱ्या रांगेत बसलेला असतोय. तुम्ही हसता कारण ती तुम्हाला लागत नाही, एवढंच. शेजारच्या भाषेतली शिवी आपण पोरं असतानाच शिकतो, अर्थ कळायच्या आधी, त्यामुळं ती तोंडात नुसती गोळीसारखी फिरते. पोरं खाली बघतात ना, नाटक तिथं आहे, आणि तुम्ही नेमकं तेच कापायला निघालाय.

दुसरं म्हणजे, १९५६ पासून सीमेचं जे दुखणं आपल्या घराघरात आहे त्याच्या जोरावर कन्नड बोलणारा शिवराळ दाखवला की टाळ्या पडणारच. फुकटच्या टाळ्या त्या. त्यात निषिद्ध काय मोडलं तुम्ही? कन्नड शिवी हवीच असेल तर कन्नड घरातला नट घ्या आणि त्याला त्याच्याच घरातली शिवी त्याच्याच माणसाला देऊ द्या. आणि कन्नड रंगभूमी काय सोवळी आहे असं समजू नका. चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातले, हुक्केरीजवळच्या घोडगेरीचे, त्यांचं १९७२ चं 'जोकुमारस्वामी' बघा. भाद्रपदात बायका मातीचा जोकुमार देव बुट्टीत घालून दारोदारी फिरवतात, एरवी तोंडातून निघणार नाहीत अशी गाणी म्हणतात, आणि घरातली म्हातारी त्याला सुपातनं धान्य घालते, कुणी कानावर हात ठेवत नाही. त्या प्रथेवर कंबारांनी नाटक उभं केलं आणि त्यातनं जमीन कुणाची, कसणाऱ्याची का मालकाची, इथपर्यंत गेले. आपल्याकडं शिमग्याला बोंब मारायची सूट असते तसंच ते, सूट कुणाला, किती दिवस, कुणाच्या दारात, हे सगळं गावानं आधीच ठरवलेलं असतंय. तुमच्या नाटकात ही सूट कोण देणार ते आधी ठरवा.

आता काम सांगते. आईवरची एकच शिवी घ्या. पहिल्यांदा ती स्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखी सपाट म्हणा, चिक्कोडी, संकेश्वर, हुक्केरी, मग ती शिवी, मग परत गोकाक. हसू येतंय का बघा. मग स्टेजच्या मधोमध एक बाई ताटात तांदूळ निवडत बसवा आणि दोन पोरांना तिच्या डोक्यावरनं एकमेकाला त्याच शिव्या द्यायला लावा. तिनं काही करायचं नाही, मान पण वर करायची नाही, खडा काढून बाजूला टाकायचा. मधे एकदाच हात थांबू दे, कुठं ते तिचं तिला ठरवू दे. मला वाटतं तुमचं अर्धं नाटक इथंच होईल. बाहेर जाऊन उभारलेल्या पोरीला विचारा ती बसती का, नको म्हणाली तर पाठीमागं लागू नका.

जातीवरनं दिलेल्या शिव्या तुमच्या वहीत असणारच, नसतील तर तुम्ही नीट ऐकलंच नाही. त्या ज्याला लागतात तो ग्रुपात आहे का, तो काय म्हणतोय, हे आधी. नाटक आहे म्हणून १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातनं आपोआप सुटका होते असं धरून चालू नका, संहिता वकिलाला दाखवा.

प्रश्न : काकी, मी खानापूरची. एकांकिकेत मला नवऱ्याच्या तोंडावर 'रांडेच्या' म्हणायचं आहे. सासूबाई पहिल्या रांगेत असणार म्हणून दिग्दर्शक तिथं 'टूं' आवाज टाकूया म्हणतात.

उत्तर : अगं, तो आवाज आला की लोक मनात त्याच्याहून घाण शब्द भरतील! तेंडुलकरांच्या 'गिधाडे' नाटकाचं माहीत आहे ना, गर्भपातानंतर साडीवर दिसणाऱ्या लाल डागाला सेन्सॉरनं हरकत घेतली, मग डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की हा निळा डाग लाल समजावा. झालं, ज्याचं लक्ष जाणार नव्हतं त्याचंही गेलं. त्यांचंच 'सखाराम बाइंडर' तर १९७२ मध्ये हायकोर्टापर्यंत गेलं आणि सुटलं, तेही सखारामची भाषा धुऊन न काढता.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांना आधी घरीच तो प्रवेश वाचून दाखव. नळावर 'मुडदा बशिवला' ऐकत, कधी देत म्हाताऱ्या झालेल्या बायका आहेत या, त्यांना शब्दाचं काही वाटत नाही, सुनेनं आपल्या लेकाएवढ्या माणसाला चारचौघांत म्हटलं याचं वाटतं, आणि तुझी एकांकिका त्याबद्दलच आहे की. एक तांत्रिक गोष्ट, शब्द ओरडू नकोस. आधीचं वाक्य मोठ्यानं, हा शब्द खाली, नवऱ्याकडं न बघता. पाठ केल्यासारखा आला तर मात्र काढून टाक, मग ती नुसती शिवीच राहते.

प्रश्न : आम्ही बेळगावात थेट प्रेक्षकांनाच शिव्या द्यायचा प्रयोग करणार आहोत, अचानक. जमेल?

उत्तर : अचानक नको. पीटर हांडके या ऑस्ट्रियन नाटककारानं १९६६ मध्ये फ्रँकफर्टला हेच केलं, चार नट आणि कथा नाही. पण तिथं प्रेक्षकांना आधी सांगितलं जातं की तुम्हाला शिव्या पडणार आहेत, त्या पडतात अगदी शेवटी, उजव्याला डाव्याला सगळ्यांना सारख्या, मधे कौतुकाचे शब्द पेरलेले, आणि वर आभारही मानतात. तुम्ही पाठवलेल्या पानावर सगळ्या शिव्या म्हाताऱ्यांना आणि गुंठामंत्र्यांना आहेत, स्वतःच्या वयाच्या पोरांना एकही नाही. त्या लिहा, मग पान परत पाठवा. आणि तिकिटावर 'फक्त प्रौढांसाठी' छापा, गेटवर आजीच्या बोटाला धरून आलेलं पोरगं परत पाठवताना तुमचाच जीव जाईल.