कोल्हापूर ते जळगाव, विमानाने किती?

प्रश्न : धाकटीला कोल्हापूरला दिलीय, माझं माहेर जळगावचं. तिला आजीकडे जायचं म्हणजे गाडीने पूर्ण दिवस मोडतो. थेट विमान असेल तर किती वेळ लागेल हे मोबाईलवर पाहिलं. अंतर सगळीकडे ५०० किलोमीटर, पण वेळ एकीकडे ३७ मिनिटं, दुसरीकडे १ तास ७ मिनिटं. खरं काय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, अंतर खरं आहे. वेळा मात्र दोन्ही सोडून द्या.

मी सांताक्रूझला डिस्पॅचमध्ये होतो, विमानाचा मार्ग आणि इंधन कागदावर मांडणं हेच काम. त्यामुळे अंतर आधी हाताने काढून पाहतो. कोल्हापूरचा विमानतळ १६ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशावर, जळगावचा २० अंश ५८ मिनिटांवर. फरक २५८ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणून उत्तरेकडे २५८ मैल. पूर्वेकडे साधारण ७७. शाळेतला पायथागोरस लावा, २६९ मैल येतात. १.८५२ ने गुणा, झाले ४९८ किलोमीटर. रस्त्याने हेच सहाशेच्या वर जातं.

आता वेळ. ५०० ला ८०० ने भागलं की ३७ मिनिटं. त्यात चढण्या-उतरण्याची सरसकट ३० मिनिटं टाकली की १ तास ७. हा ८०० चा वेग मोठ्या जेटचा, तोही उंचीवर पोहोचल्यानंतरचा. छोट्या गावांना बरेचदा एटीआर येतं, पंख्याचं, सत्तरेक माणसांचं. ते ताशी ५०० च्या आसपास धावतं. म्हणजे नुसत्या भागाकारानेच तास झाला. चढताना वेग कमी, शिवाय हवाई मार्ग पट्टीने आखल्यासारखा सरळ नसतो. समोरून ताशी ५५ किलोमीटरचा वारा असेल तर तासाची ६७ मिनिटं होतात, पाठीमागून असेल तर ५४. उतरतानाही धावपट्टीचं तोंड ज्या दिशेला, तिकडून वळसा घेऊन यावं लागतं. लहान विमानतळांवर समांतर टॅक्सी वे, म्हणजे धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचा बाजूचा रस्ता, नसला तर विमान धावपट्टीवरूनच रांगत टोकाला जातं आणि तिथे वळून सुटतं. वेळापत्रकातली वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे हे सगळं तिच्यात येतं. माझ्या हिशेबाने सव्वा तास ते एक तास पंचवीस मिनिटं धरा.

थेट विमान नसेल तर मुंबईमार्गे. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर ३१० च्या आतबाहेर, मुंबई-जळगाव ३५५. एकूण ६६५, म्हणजे फार वाकडी वाट नाही. पण आपल्या मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्हीवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. गर्दीच्या वेळी अर्धा तास आकाशात घिरट्या घालणं नवीन नाही, आणि वेळापत्रक करणारे ती मिनिटं आधीच धरून ठेवतात. कंपनीचं विमान वेळेआधी पोहोचलं म्हणून टाळ्या वाजतात ना, त्यातलं निम्मं श्रेय या धरून ठेवलेल्या मिनिटांचं!

दोन वेगवेगळी तिकिटं काढलीत तर सामान मुंबईत उतरवून पुन्हा द्यावं लागेल. एक विमान टर्मिनल १ चं आणि दुसरं २ चं निघालं, तर मध्ये बाहेरचा रस्ता आहे, आणि हायवेवर संध्याकाळी काय होतं ते डोंबिवलीकरांना मी काय सांगणार. मध्ये चार तास सोडा. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे मिळत असतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.