आपल्या माणसांत आले, तरी मन तिकडेच का?

"ताई, एक चर्च हलताना बघून मी अर्धा दिवस रडले. मी तर ख्रिश्चनही नाही. माझं काही बिघडलंय का?"

मीनल माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत बसता बसता हे बोलली. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिच्या परवानगीनं लिहिते आहे.)

स्वीडनच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे किरूना नावाचं गाव आहे. ते लोहखनिजाच्या खाणीमुळे वसलं आणि त्याच खाणीपायी आता जागा सोडतं आहे. खालचं खनिज काढत गेल्यानं वरची जमीन खचते, म्हणून गावाचा मध्यभाग काही किलोमीटर पूर्वेला हलवला जातो आहे. तिथलं १९१२ सालचं लाकडी चर्च, ६७२ टनांचं, ऑगस्ट २०२५ मध्ये जसंच्या तसं उचलून चाकांवर ठेवलं आणि दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मीनल तिथे नऊ वर्षं राहिली. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा सहा आठवड्यांत सगळं आवरून ते तिघं मे महिन्यात मुलुंडला परतले. चर्चचा प्रवास तिनं स्वयंपाकघरात उभ्यानं मोबाइलवर पाहिला. गॅसवरची आमटी करपली तरी तिला कळलं नाही.

झोप नाही, मुलावर चिडचिड, कुणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, सगळं तपासलं होतं, ठीक होतं. नातेवाईक म्हणत, "सुटलीस बाई त्या बर्फातून!" त्यावर ती हसून मान डोलवायची.

माझीही सुरुवातीला चूक झाली. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, सगळा भार सुनेवर, म्हणजे हा सेवेचा शीण, असं मी धरून चालले. ब्यूरोमधून दिवसाची मावशी ठेवा, असं सुचवलं. मावशी आली, मीनलच्या पाठीचं दुखणं कमी झालं. रडणं मात्र तसंच राहिलं.

दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, "रात्री दीडला जाग येते. रोज." किरूनात त्याच सुमाराला खाणीत सुरुंग लावतात. जमीन जराशी हादरते, कपाटातल्या काचा किणकिणतात. "तिथे नऊ वर्षांत मला कधी त्यानं जाग आली नाही. इथे तो आवाज होत नाही, म्हणून येते." मी लिहिणं थांबवलं. मग पाऊण तास तिला फक्त तिथलं सांगू दिलं. डिसेंबरात दोन-तीन आठवडे सूर्य उगवतच नाही, तेव्हा प्रत्येक खिडकीत लागणारे दिवे. किराणा लादून पायानं ढकलत न्यायची घसरगाडी. ऑगस्टमध्ये दलदलीत वाकून वेचलेल्या केशरी क्लाउडबेरी. परत आल्यापासून हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञांनी बॉस्टनमधली एक जुनी वस्ती पाडल्यावर तिथून हललेल्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९६३ साली मांडलं, की त्यांतल्या अनेकांचं दुःख माणूस गेल्यावरच्या शोकासारखंच होतं. जागाही जाते. पण तिचं सुतक कुणी पाळत नाही, भेटायला कुणी येत नाही. आणि जी जागा इतरांच्या नजरेत गैरसोयीची असते, तिच्यासाठी रडायला तर माणसाला लाजच वाटते. मीनलला मी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही कृतघ्न नाही. तुम्हाला शोक झालाय."

माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात, मग तिकडचे फोटो बघणं, तिथल्या मैत्रिणींशी बोलणं बंद करू का? मी नाही म्हणते. बहुतेकदा अडतं ते निरोप अर्धवट राहिल्यामुळे. म्हणून मी विचारते, कुणाला सांगायचं राहिलं?

मीनल बराच वेळ गप्प होती. तिथे ती नगरपालिकेतर्फे वृद्धांच्या घरी मदतीला जायची. एका आजींचे केस ती दर गुरुवारी धुऊन द्यायची, चार वर्षं. शेवटच्या गुरुवारी तिला सांगणं जमलं नाही. नेहमीसारखं "पुढच्या आठवड्यात येते" म्हणून ती निघाली. "मी खोटं बोलले, ताई." चर्च बघताना आलेलं रडू या गुरुवारचंही होतं.

आम्ही पत्र लिहायचं ठरवलं. स्वीडिशमध्येच, हातानं. कारणं नकोत, सफाई नको. तुमच्यामुळे माझे गुरुवार कसे होते आणि मी न सांगता का गेले, एवढंच. तिला तीन आठवडे लागले. तिथल्या एका सहकारी मैत्रिणीनं ते आजींना वाचून दाखवायचं कबूल केलं.

दरम्यान घरातही एक गोष्ट झाली. दहा वर्षांचा ईशान "हो" म्हणायच्या जागी झटकन श्वास आत ओढायचा. उत्तर स्वीडनमधली ती बोलण्याची रीत. सासूबाईंना वाटलं, पोराला दमा लागला! मी त्यांना एका भेटीला बोलावलं. मीनलचं ऐकून त्या म्हणाल्या, "आमची परळची चाळ पाडली ना, तेव्हा मी दोन वर्षं मुलुंडहून गाडी धरून तिथल्याच भाजीवालीकडे जायचे. ह्यांना सांगायचे, इथली भाजी चांगली नसते." मग सुनेकडे वळून, "तू मला सांगायचंस की गं." मीनल म्हणाली, "आई, तुम्हीही कुठे सांगितलंत?"

त्यानंतर घरात किरूनाचं नाव काढणं सोपं झालं. ईशानला त्या रीतीवरून टोकणं थांबलं. महिन्याभरात मीनलची झोप पुष्कळ सुधारली, दीडची जाग आठवड्यातून एखाद्या वेळी. तसं झालं नसतं, जेवण तुटलं असतं, कशातच मन लागलं नसतं, जगणं नको वाटलं असतं, तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमचं तसं होत असेल तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं, मैत्रिणीच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं. मीनलनं ते माझ्यासमोर लावलं आणि वाक्यावाक्याचा अर्थ सांगत गेली. आजींनी पत्र दोनदा वाचायला लावलं होतं. मग म्हणाल्या होत्या, नवी मुलगी चांगली आहे, पण पाणी फार गरम घेते. तिला सांग, मीनल मनगटावर घेऊन बघायची.

मीनलनं फोन खाली ठेवला आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली.